ओढ्याला ताप कां चढतो?

माघाच्या पहाटे नदीवर स्नानास जाणाऱ्या वडील मंडळींचा एक अनुभव पुष्कळ घरांतून ऐकावयास मिळतो. काठावर हुडहुडी भरविणारा गारठा असतो, दांतावर दांत वाजत असतात, आणि भीत भीत पाण्यांत पाऊल टाकावें तों पाणी कोमट लागतें. परसांतल्या विहिरीचीहि तीच कथा. पौषांत पहाटे काढलेल्या पोहऱ्यांतून वाफा निघतात, आणि वैशाखांत तीच विहीर माठाच्या तोडीचें गार पाणी देते. घरांतल्या एखाद्या चौकस मुलानें याचें कारण विचारलें तर त्यास सांगावें कीं, विहिरीचें पाणी बाराहि महिने जवळजवळ एकाच उष्णतेचें असतें. बदलते ती आपल्या भोंवतालची हवा. नदीचें पाणी रात्रभरांत हवेइतक्या झपाट्यानें निवत नाहीं, म्हणून पहाटेच्या गारठ्यांत तें ऊबदार भासतें.

विहीर अशी स्थिरवृत्तीची आहे. ओढ्याचें मात्र तसें नाहीं. सकाळीं हातपाय बधिर करणारा ओढा दुपारीं कोमट झालेला असतो, एका वळणावर गार तर दुसऱ्या वळणावर उष्ण लागतो. आपण याकडे सहसा लक्ष देत नाहीं. पाणी स्वच्छ आहे कीं गढूळ, गोडें आहे कीं मचूळ, इतकें पाहिलें कीं आपली परीक्षा संपते. परंतु ज्या जीवांचें सारें आयुष्य त्या पाण्यांत जावयाचें, त्यांना पाण्याचा ताप हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. आणि वैद्य जसा रोग्याचा ताप पाहून आंत काय बिघडलें असावें याचा अंदाज बांधतो, तसा ओढ्याचा ताप मोजून त्याच्या काठीं माणसानें काय केलें आहे हें पुष्कळ अंशीं सांगतां येतें. हें शास्त्र गेल्या साठसत्तर वर्षांत चांगलें वाढीस लागलें आहे. त्यांतील मुख्य गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, हा या लेखाचा हेतु आहे. लेखांत दिलेले उष्णतेचे आंकडे, वेगळें सांगितलें नसेल तेथें, सेल्सियस अंशांचे समजावे.

पाणी तापतें कशानें?

'हवा तापली म्हणजे पाणी तापतें' असा आपला सर्वसाधारण समज असतो. मोठ्या नदीच्या बाबतींत, दीर्घ प्रवासानंतर आणि आठवड्यांच्या सरासरीनें पाहतां, त्यांत पुष्कळ तथ्य आहे. पण लहान उथळ ओढा उन्हाळ्याच्या दुपारीं तापतो तो मुख्यतः अंगावर सरळ पडणाऱ्या सूर्यकिरणांनीं. ऑरेगन स्टेट विश्वविद्यालयांत काम करणारे जॉर्ज ब्राउन या वनशास्त्रज्ञानें १९६९ सालीं लहान ओढ्यांच्या उष्णतेचा जमाखर्च प्रसिद्ध केला. ऊन किती आलें, हवेकडून किती उष्णता मिळाली, बाष्पीभवनानें किती गेली, तळाच्या खडकानें किती घेतली, अशी प्रत्येक बाब त्यांनीं निराळी मोजली. उघड्या ओढ्यावर दुपारीं जमेच्या बाजूस सूर्याची रक्कमच सर्वांत मोठी निघाली. हवेकडून आलेली उष्णता तिच्यापुढें अगदीं किरकोळ ठरली.

या सूर्यदत्त उष्णतेचा अंदाज घरबसल्याहि करतां येतो. निरभ्र दिवशीं भर दुपारीं जमिनीच्या एका चौरस मीटरावर सूर्याची सुमारे एक हजार वॅट शक्ति पडते. म्हणजे स्वयंपाकघरांतली एक हजार वॅटची विजेची शेगडीच तेथें मांडली म्हणा ना! ओढा दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास खोल असेल, तर त्या एका चौरस मीटरांत शंभर लिटर पाणी मावतें. शंभर लिटर पाण्यास एवढी शेगडी तासभर लावली तर तें सुमारे साडेआठ अंशांनीं तापतें. कांहीं किरण पृष्ठावरून परत फिरतात, कांहीं उष्णता तळाचे दगड शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्षांत वाढ याहून थोडी कमी होते. पण तेंच पाणी एक मीटर खोल डोहांत असतें, तर तासाभरांत तें एका अंशानेंहि तापलें नसतें. ओढ्याची खोली कमी झाली, पात्र पसरट झालें किंवा पाणी आटलें, कीं ताप कां वाढतो, याचें उत्तर या साध्या हिशेबांत आहे.

खर्चाच्या बाजूसहि बाबी आहेत. आपला माठ ज्या युक्तीनें पाणी गार करतो ती बाष्पीभवनाची युक्ति ओढ्यापाशींहि आहे. रात्रीं उघड्या आकाशाकडे तो उष्णता टाकतो. तळाचा अखंड कातळ दिवसा थोडी उष्णता उसनी घेतो आणि रात्रीं परत करतो. पण सर्वांत उपयोगाची बाब म्हणजे जमिनींतून झिरपून येणारें पाणी. तें त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी हवामानाइतक्या उष्णतेचें असतें, म्हणून उन्हाळ्यांत थंड लागतें. घंगाळांतल्या कढत पाण्यांत आपण विसण घालतों, तसें हें निसर्गानें ओढ्याला घातलेलें विसणच होय. ओढ्याचें एक घागर पाणी २५ अंशांचें असेल आणि त्यांत १२ अंशांचें झऱ्याचें चार घागरी पाणी मिसळलें, तर मिश्रण साडेचौदा अंशांच्या आसपास येतें. विसण तुटलें तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको.

ओढ्याच्या तळाशीं वाळू व गोटे असतील तर आणखी एक मौज घडते. वाहत्या पाण्याचा कांहीं भाग त्या वाळूंत शिरतो, दगडांच्या फटींतून संथपणें चालतो आणि थोड्या अंतरावर पुन्हां वर येतो. या भूमिगत प्रवासांत दुपारची उष्णता मागें राहते. आपल्याकडे उन्हाळ्यांत नदीच्या वाळूंत झिरा खणून जें गार पाणी काढतात, त्याचें रहस्य हेंच. कातळावरून वाहणारा ओढा दुपारीं झपाट्यानें तापतो व रात्रीं झपाट्यानें निवतो, आणि गोट्यावाळूच्या पात्रांतून वाहणाऱ्या ओढ्याचा चढउतार सौम्य असतो, असें प्रत्यक्ष मोजमापांतहि आढळून आलें आहे.

सावली काय करते?

आतां आपण या विषयाच्या गाभ्याशीं येऊन पोंचलों. ओढ्याकाठीं झाडें असलीं म्हणजे पाणी गार राहतें, हें कोणीहि सांगेल. पण झाडांची सावली पाण्याला गार करीत नाहीं. ती त्याला तापूं देत नाहीं. हा भेद शब्दच्छलासारखा वाटेल, परंतु साऱ्या व्यवहाराचा निकाल त्यावरच लागतो. बंबांतले निखारे काढून घेतले म्हणून आंतलें पाणी लागलींच गार होत नाहीं. तें पुष्कळ वेळ ऊन राहतें. त्याचप्रमाणें उघड्या माळावरून तापत आलेला ओढा पुढें दाट राईंत शिरला तरी त्याचा ताप झटकन उतरत नाहीं. गार झऱ्याचें विसण मिळालें, तळाच्या वाळूंत पाणी मुरलें किंवा रात्र पडली, तरच तो उतरतो. म्हणून वरच्या अंगास एक मैल झाडें तोडावीं आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या अंगास एक मैल लावावीं, हा हिशेब जमत नाहीं. पाण्यांत उष्णता घालणें सोपें आहे. ती काढून घेणें कठीण आहे.

याची एक सुरेख परीक्षा ऑरेगनमधील एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक अरण्यांत झाली. तेथें शेरी जॉन्सन या विदुषींनीं उन्हांत वाहणाऱ्या एका लहान ओढ्याच्या १५० मीटर लांबीवर काळ्या प्लॅस्टिकचें छत उभारलें. झाडें नव्हतीं, गारवा देणारीं पानें नव्हतीं. होती ती केवळ सावली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें त्या भागांतील पाण्याचें दुपारचें कमाल उष्णतामान स्पष्टपणें उतरलें, पण किमान व सरासरी उष्णतामानांत फरक पडला नाहीं. छतानें दुपारचा तडाखा चुकविला, याहून अधिक कांहीं केलें नाहीं; आणि माशांना तोच तडाखा सोसवत नाहीं.

तीन ओढ्यांची परीक्षा

याच ऑरेगन राज्यांत याहूनहि मोठा आणि पुढें सुप्रसिद्ध झालेला प्रयोग त्यापूर्वींच होऊन गेला होता. हें राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. पॅसिफिक महासागराला लागून असलेल्या तेथील डोंगररांगेंत हिवाळाभर पाऊस कोसळतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. म्हणजे सूर्य जेव्हां सर्वांत प्रखर, तेव्हांच ओढ्यांत पाणी सर्वांत थोडें. डोंगरांवर डग्लस फर नांवाच्या उंच सूचिपर्णी वृक्षांचें निबिड अरण्य. ओढ्यांत सॅमन व ट्राउट हे थंड पाण्याचे मासे. लाकडाचा व्यापार हा त्या प्रदेशाचा मोठा पोटाचा धंदा होता. तोडीनें ओढ्यांचें काय होतें याविषयीं लाकूडवाले एक सांगत आणि मासेमारीवाले दुसरें.

वादाचा निर्णय करण्यासाठीं १९५९ सालीं ॲल्सी नदीच्या खोऱ्यांतील तीन शेजारशेजारचे लहान ओढे निवडण्यांत आले. नीडल ब्रँच हा सर्वांत धाकटा, त्याचें पाणलोट सुमारे १७५ एकरांचें. फ्लिन क्रीकचें ५०० एकरांचें. डिअर क्रीकचें ७५० एकरांचें. प्रथम सात वर्षें कोणीहि झाडाला हात लावला नाहीं. केवळ पाऊस, प्रवाह, गाळ, मासे आणि उष्णतामान यांची नोंद चालली. रोग्याची प्रकृति निरोगी असतांना कशी होती हें ठाऊक असल्यावांचून रोगाची परीक्षा होत नाहीं, एवढा विवेक या मंडळींनीं दाखविला, हें त्यांचें मोठेंच कौतुक होय.

१९६६ सालीं तोड झाली. नीडल ब्रँचचें जवळजवळ सारें पाणलोट साफ करण्यांत आलें. काठचीं झाडें व झुडपेंहि राखलीं नाहींत, उरलेला पालापाचोळा जाळण्यांत आला. डिअर क्रीकवर सुमारे चौथा हिस्सा जंगल तुकड्यातुकड्यांनीं तोडलें, परंतु ओढ्याच्या दोन्ही बाजूंस झाडाझुडपांचा पट्टा उभा ठेवला. फ्लिन क्रीकला मुळींच हात लावला नाहीं. तो साक्षीदार म्हणून राहिला.

पुढच्याच उन्हाळ्यांत निकाल लागला. ब्राउन व त्यांचे सहकारी जेम्स क्रायगिअर यांनीं १९७० सालीं तो प्रसिद्ध केला. नीडल ब्रँचचें वर्षांतील कमाल उष्णतामान तोडीपूर्वीं ५७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १४ सेल्सियस असे. तोडीनंतरच्या वर्षीं तें ८५ अंश फॅरनहाइट, म्हणजे २९ सेल्सियसच्याहि वर गेलें. दोनशें एकरांहून कमी जंगल तुटलें आणि ओढ्याला एका वर्षांत पंधरा अंशांचा ताप चढला! डिअर क्रीकवर मात्र तोडीमुळें झाला असें म्हणतां येईल असा कोणताहि बदल आढळला नाहीं. दोन्हीकडे कुऱ्हाड चालली होती. एकीकडे काठची सावली राहिली, दुसरीकडे राहिली नाहीं.

नीडल ब्रँचमध्यें पडलेला पाला व फांद्या कुजून पाण्यांतील प्राणवायूहि घटला. तेथील कटथ्रोट जातीच्या ट्राउट माशांची संख्या घसरली, आणि उष्णतामान पूर्वपदावर येऊं लागल्यावरहि ती बराच काळ सांवरली नाहीं. काठीं आल्डरचीं झाडें आपोआप उगवून वाढलीं, तशी सावली परतली आणि तिच्यामागोमाग थंडावाहि परतला. ताप उतरला, पण तापानें जें नेलें होतें तें त्या मानानें लौकर परत आलें नाहीं.

तापानें काय बिघडतें?

चारपांच अंशांनीं काय होणार आहे, असा प्रश्न कोणी करील. दूध विरजतांना तें कढत असावें कीं कोमट, यावर दही लागणें न लागणें अवलंबून असतें, हें गृहिणींना सांगावयास नको. माशांचें शरीर तर आपल्यासारखें स्वतःची ऊब स्वतः राखणारें नाहीं. पाण्याचा ताप तोच त्यांचा ताप.

त्यांतून दुहेरी संकट उद्भवतें. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. शून्य अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. दहा अंशांवर ११.३, वीस अंशांवर ९.१ आणि तीस अंशांवर अवघा ७.६. उलट माशाच्या शरीराचा व्यापार उष्णतेबरोबर वाढत जातो, आणि ढोबळ मानानें दहा अंशांमागें त्याची प्राणवायूची गरज दुप्पट होते. घरांतलीं खाणारीं तोंडें दुप्पट व्हावीं आणि कोठीतलें धान्य निम्म्यावर यावें, अशांतला हा प्रकार होय. सॅमनची अंडीं १३ अंशांच्या आंतच नीट वाढतात. त्यांचीं पिलें १८ अंशांपर्यंत निभावतात. पंचविशीच्या आसपास तीं मरूं लागतात. ऑरेगनच्या सरकारनें नद्यांसाठीं ठरविलेल्या मर्यादाहि याच धोरणाच्या आहेत: अंडीं घालण्याच्या जागीं व काळीं १३ अंश, पिलें वाढतात तेथें १६ ते १८, आणि समुद्रांतून परतणाऱ्या माशांच्या वाटेवर २०.

या मर्यादा ओलांडल्या म्हणजे काय होतें हें २०१५ सालीं कोलंबिया नदीवर दिसून आलें. त्या वर्षीं डोंगरांवर बर्फ थोडें पडलें, उन्हाळा लौकर आला, आणि जून-जुलैंतच नदी वीस अंशांच्या वर गेली. समुद्रांतून जन्मस्थानाकडे निघालेले सॉकाय जातीचे सुमारे अडीच लाख सॅमन, म्हणजे त्या वर्षीं परतलेल्यांपैकीं जवळजवळ निम्मे, अंडीं घालण्यापूर्वींच मरून पडले. कोणी विष कालविलें नव्हतें, कीं जाळें टाकलें नव्हतें. नदीला ताप आला होता, एवढेंच.

धरणें, पाट आणि शहरें

काठची झाडें तोडणें हा माणसाचा एक उद्योग झाला. दुसरा म्हणजे धरण. धरणामागें सांचलेल्या खोल पाण्याचे थर पडतात. वरचा थर उन्हानें तापतो, तळचा बाराहि महिने थंड राहतो. दार कोणत्या थराला लावलें आहे यावर खालच्या नदीचें भवितव्य ठरतें. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ सालीं मिटले. त्यापूर्वीं ती नदी हिवाळ्यांत गोठणबिंदूजवळ जाई आणि उन्हाळ्यांत पंचविशीच्या वर तापे. मग धरणाच्या खोल दारांतून वर्षभर आठदहा अंशांचें पाणी येऊं लागलें. तेथील मूळचा हंपबॅक चब हा मासा ऊन पाण्यांत अंडीं घालणारा. त्याला मुख्य नदी पारखी झाली आणि लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या उबेचा आश्रय घ्यावा लागला. अलीकडे जलाशय खालावल्यामुळें दारापाशीं वरचें ऊन पाणी येऊं लागलें आहे. तें चबला मानवतें खरें, परंतु त्याच्याबरोबर जलाशयांतील स्मॉलमाउथ बास हे खादाड मासेहि खालीं उतरले आणि २०२२ सालीं तेथें त्यांचीं पिलें आढळलीं. म्हणजे ओढ्याला ताप चढणें जसें वाईट, तसें अवेळीं गारठणेंहि वाईट. प्रत्येक नदीला ऋतुमानाप्रमाणें आपली अशी एक प्रकृति असते. तिच्यावर तेथील जीव पोसलेले असतात.

कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो नदीवर याच्या उलट गरज पडली. १९४५ सालीं पुऱ्या झालेल्या शास्ता धरणानें हिवाळी चिनूक सॅमनांची वरच्या थंड झऱ्यांकडे जाणारी वाट बंद केली. हे मासे भर उन्हाळ्यांत अंडीं घालतात, म्हणून धरणाखालच्या नदीलाच आतां कृत्रिम रीतीनें थंड ठेवावें लागतें. त्यासाठीं १९९७ सालीं धरणाला सुमारे आठ कोटि डॉलर खर्चून अशी यंत्रणा बसविली कीं, हव्या त्या थराचें पाणी काढतां यावें. तरीहि २०१४ आणि २०१५ च्या अवर्षणांत तळचा थंड सांठाच संपला आणि बहुतेक सारीं अंडीं व पिलें मेलीं. यंत्र उत्तम होतें, पण देण्यासारखें थंड पाणीच शिल्लक नव्हतें.

पाटानें पाणी काढून घेतलें कीं उरलेला प्रवाह उथळ होतो, आणि मागें मांडलेल्या हिशेबाप्रमाणें जलद तापतो. शहराच्या तापलेल्या डांबरी रस्त्यांवर उन्हाळी सर पडली कीं तें ऊन पाणी गटारांवाटे सरळ ओढ्यांत जातें. शिवाय फरसबंदीमुळें जमिनींत मुरणारें पाणी कमी होऊन ओढ्याचें विसणहि तुटतें. विजेचे कारखाने आपलीं यंत्रें निवविण्यासाठीं नदीचें पाणी घेतात व तापवून परत सोडतात. स्वित्झर्लंडमधील बेझ्नाउ येथील अणुवीजकेंद्राच्या दोन्ही भट्ट्या जुलै २०२५ च्या आरंभीं बंद ठेवाव्या लागल्या, कारण आरे नदीचें पाणी २५ अंशांच्या मर्यादेवर गेलें होतें. या सर्वांवर जगाच्या वाढत्या उष्णतेचें ओझें येऊन पडत आहे. बर्फ लौकर वितळतें, उन्हाळी प्रवाह रोडावतात, आणि पूर्वीं जी चूक ओढ्याला पचत असे ती आतां पचत नाहीं.

उपाय

ॲल्सीच्या प्रयोगाचें मोल केवळ शास्त्रापुरतें राहिलें नाहीं. ऑरेगननें १९७१ सालीं जंगलतोडीवर निर्बंध घालणारा कायदा केला. संयुक्त संस्थानांत असा कायदा प्रथम तेथेंच झाला. पुढें त्याच्या नियमांत ओढ्याकाठचे पट्टे राखण्याची सक्ति आली. १९७२ च्या अमेरिकन जलशुद्धि कायद्यानें प्रदूषक द्रव्यांच्या यादींत विष व मैला यांच्या जोडीला 'उष्णता' हा शब्द घातला. ज्या वस्तूला वजन नाहीं, रंग नाहीं, वास नाहीं, तिचीहि गणना घाणींत झाली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

नीडल ब्रँचची दुसरी परीक्षाहि पुढें झाली. तेथें नव्यानें वाढलेलें जंगल २००९ सालीं वरच्या भागांत पुन्हां तोडण्यांत आलें, परंतु या खेपेस नव्या नियमांप्रमाणें काठचा पट्टा राखून. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत उन्हाळ्यांतील कमाल उष्णतामान लक्षणीय वाढल्याचें दिसलें नाहीं. एकाच ओढ्यावर दोनदां कुऱ्हाड चालली. पहिल्यानें ताप चढला, दुसऱ्यानें तो जवळजवळ टळला. याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

पोर्टलंड शहराच्या पश्चिमेस तुआलटिन नदीचें खोरें आहे. तेथील सांडपाणी शुद्ध करून नदींत सोडलें जातें, पण तें नदीहून ऊन असे. तें यंत्रांनीं थंड करावयाचें तर कोट्यवधि डॉलरांचा खर्च, आणि विजेचा भार कायमचा. तेव्हां २००४ सालीं मिळालेल्या परवान्यान्वयें तेथील जलसंस्थेनें निराळी वाट धरली. नदीकाठच्या शेतकऱ्यांना मोबदला देऊन काठावर झाडें लावलीं व जलाशयांतून थंड पाणी सोडलें. आपण जितकी उष्णता नदींत घालतों तितकीच सूर्याकडून येणारी अडविली, असा हा हिशेब. झाड मोठें होईपर्यंत वर्षें जातात, म्हणून मोजणींत आवश्यकतेच्या दुप्पट सावली धरण्याची अट होती. यंत्र बसविल्या दिवसापासून झिजूं लागतें. झाडाचें काम वर्षागणिक वाढत जातें.

आपल्या ओढ्यांकडे

आपल्या सह्याद्रींतील ओढ्यांत सॅमन नाहींत, आणि आपले मासे ऊन पाण्याला बरेच सरावलेले आहेत. पण प्राणवायूचा नियम कोठेंहि बदलत नाहीं. पावसाळा सरला कीं आपले ओढेहि दिवसेंदिवस रोडावतात, आणि चैत्र-वैशाखांत मासे, बेडूक, खेकडे हे सारे डोहांतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर दिवस काढतात. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडींत देवीचे म्हणून राखलेले मोठमोठे मासे भाविकांनीं पाहिले असतील. डोह खोल असणें, त्यावर झाडोरा असणें आणि त्याला झऱ्याचा पाझर असणें, या तीन गोष्टी जुळल्या तर असा आसरा उन्हाळा काढूं शकतो. ओढ्याच्या उगमापाशीं देवराई राखण्याची आपली जुनी चाल श्रद्धेंतून निघाली. पण तिच्या सावलींत उगम पावणारें पाणी तापण्यावांचून वाटेस लागतें, हा तिचा लाभ उष्णतामापकानें मोजतां येण्यासारखा आहे.

पुष्कळ वाचकांच्या घरीं अजून गांवाकडे वडिलोपार्जित जमीन असेल, तिच्या कडेनें एखादा ओढा वाहत असेल, आणि काठीं करंज, उंबर, जांभूळ किंवा वाळुंज उभे असतील. वांटणीच्या वेळीं, नाहींतर बांध सरळ करतांना, हीं झाडें पिकाला सावली करतात म्हणून तोडावीं असा विचार घरांत निघतो. तोडण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. सुटींत मुलें गांवीं आलीं कीं त्यांच्या हातीं पाण्यांत बुडविण्याजोगा एक साधा उष्णतामापक द्यावा. ओढा अजून वाहता असतांना एका निरभ्र दिवशीं, पहाटे आणि दुपारीं तीनच्या सुमारास, त्यांनीं चार ठिकाणचें पाणी मोजावें: झाडींत, झाडी संपून उघडा भाग लागतो तेथें, त्या उघड्या भागाच्या शेवटीं आणि पुढें पुन्हां सावली लागते तेथें. आंकडे वहींत लिहून रात्रीं जेवणाच्या पंगतींत वाचून दाखवावे. उघड्यावर किती अंश चढले आणि पुढच्या सावलींत त्यांपैकीं किती थोडे उतरले, हें आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांस कळेल. मग झाडांविषयीं काय तें ठरवावें.